इंजिनाची बुचे आणि वॉशर : ओळखल्याशिवाय पाना लावू नका

गॅरेजात 'प्लग' हा शब्द निघाला की सर्वांच्या डोळ्यांपुढे ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग येतो. आज आम्हाला बोलायचे आहे ते त्याच्या दुर्लक्षित भावंडांविषयी. इंजिनाच्या पोटाखाली, दोन्ही बगलांत आणि डोक्यावर निरनिराळी भोके बंद करणारे बोल्ट, झाकणे आणि बुचे असतात. त्यांच्याखाली एखादी चकती किंवा रबराची कडी असते. चकतीला कोणी वॉशर म्हणतो, आपल्या भागात तिला सर्रास वायसर म्हणतात. किमतीने ही वस्तू इतकी क्षुल्लक की बिलात तिचा उल्लेखही होत नाही. पण याच वस्तूपायी चांगले चाललेले इंजिन एका फेरीत निकामी होते आणि मिस्त्रीने वर्षानुवर्षे कमावलेले नावही त्यासोबत जाते.

आमच्या माहितीतील एक घटना सांगतो. भंडारा जिल्ह्यात मोटारसायकलवर बांगड्यांची पेटी बांधून आठवडी बाजार करणारे एक गृहस्थ आहेत. आज अड्याळ, उद्या लाखनी, परवा साकोली असा त्यांचा फिरता धंदा. एकदा त्यांनी गाडीचे तेल बदलून घेतले. खालच्या बोल्टाचे आटे आधीच ढिले झाले होते. मिस्त्रीने बोल्टाला धागा गुंडाळला, वरून गोंद लावला आणि गाडी दिली. गाडी आठ दिवस चालली. नवव्या दिवशी महामार्गावर बोल्ट गळून पडला. या जातीच्या गाडीला तेल संपल्याची सूचना देणारा दिवा नसतो. इंजिनाचा आवाज बदलला तेव्हा त्यांनी गाडी थांबवली, पण तोपर्यंत पिस्टन सिलिंडरात धरला होता. इंजिन पूर्ण उघडावे लागले आणि तीन आठवड्यांचे बाजार बुडाले. मिस्त्री मनाने सरळ होता, त्याने सुट्या भागांचा खर्च स्वतः सोसला. पण त्या खर्चात त्याची महिन्याची कमाई गेली. धागा गुंडाळताना त्याचा हेतू वाईट नव्हता. ग्राहकाचे पैसे वाचवावेत एवढेच त्याच्या मनात होते. हेतू चांगला असून ज्ञान अपुरे असले म्हणजे काय होते, याचा हा नमुना आहे.

म्हणून या लेखात आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत : कोणते बूच कशासाठी असते, त्याखालचा वॉशर कसा ओळखावा आणि तो परत कसा बसवावा.

कोणते बूच कशासाठी?

आपल्या जिल्ह्यात गावोगाव दिसणारी गाडी म्हणजे शंभर सी.सी.ची हिरो होंडा. सी.डी. १०० ही १९८५ साली आली, स्प्लेंडर १९९४ साली. पुढे दोन्ही कंपन्या वेगळ्या झाल्या आणि २०११ पासून 'हिरो मोटोकॉर्प' हे नाव आले, तरी स्प्लेंडरच्या इंजिनाची मूळ ठेवण तीच राहिली. सिलिंडर जवळजवळ आडवा झोपलेला असतो. ही ठेवण होंडाच्या १९५८ सालच्या 'सुपर कब' या गाडीपासून चालत आली आहे. तेव्हा एक इंजिन नीट समजले की बऱ्याच गाड्या समजतात.

या इंजिनाला पोटाखाली पाहिले तर पहिला दिसतो तो तेल सोडण्याचा बोल्ट, म्हणजे ड्रेन बोल्ट. त्याचे डोके १७ नंबरच्या पान्याचे आणि आट्यांची जाडी १२ मिलिमीटर. त्याखाली ॲल्युमिनियमचा चपटा वॉशर असतो.

पण पोटाखाली तो एकटाच नाही. डाव्या अंगाला दिसायला तसाच आणखी एक बोल्ट असतो. तो तेलाचा नव्हे. त्याच्या मागे टायमिंग चेन ताणून धरणारी स्प्रिंग आणि दांडी असते. नवशिका शागीर्द गाडीखाली वाकतो, हाताला लागेल तो बोल्ट खोलतो, थोडे तेल येते, पाठोपाठ स्प्रिंग बाहेर येते आणि तो घाबरतो. घाईत स्प्रिंग उलटसुलट बसवली किंवा दांडी आत अडकली तर चेन सैल राहते आणि इंजिन सुरू केल्यावर डाव्या बाजूने खडखड ऐकू येते. मग 'तेल बदलल्यापासून आवाज आला' अशी तक्रार ग्राहक करतो, आणि ती खरी असते. हा बोल्ट चुकून उघडलाच तर भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने स्वच्छ करून, तेल लावून परत बसवावेत. सीलिंग वॉशर नवा घालावा.

डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवर दोन गोल झाकणे असतात. नाण्याने किंवा रुंद तोंडाच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवता येईल अशी खाच त्यांवर असते. मोठे झाकण मधोमध असते. ते काढले की क्रँकशाफ्टच्या टोकावरचा नट दिसतो आणि पाना लावून इंजिन हाताने फिरवता येते. लहान झाकण वरच्या बाजूला असते. त्यातून मॅग्नेटवरच्या खुणा दिसतात. 'टी' ही खूण पिस्टन वरच्या टोकाला आल्याची, 'एफ' ही खूण ठिणगी पडण्याच्या वेळेची. टॅपेट जुळवताना ही दोन्ही झाकणे उघडावी लागतात. त्यांखाली धातूचा वॉशर नसून रबराची ओ-रिंग असते.

इंजिनाच्या डोक्यावर दोन टॅपेट कॅप असतात. एक कार्बोरेटरच्या अंगाला, दुसरी सायलेन्सरच्या अंगाला. त्यांनाही ओ-रिंगच असते. उजव्या बाजूला तेल भरण्याचे झाकण, त्यालाच तेल मोजण्याची पट्टी जोडलेली. तिथेही ओ-रिंग.

सिलिंडर हेडच्या चार नटांकडे विशेष लक्ष द्यावे. हेड उघडल्यावर पुष्कळ मिस्त्री चारही वॉशर एका वाटीत टाकतात आणि बसवताना हाताला येईल तो घालतात. ही चूक आहे. ज्या स्टडच्या भोकातून तेल वर जाते तेथे तांब्याचा सीलिंग वॉशर असतो, बाकीचे साधे असतात. तांब्याचा वॉशर भलत्या जागी गेला की हेडवरून तेल पाझरू लागते आणि बिचाऱ्या गॅस्केटवर आरोप येतो. म्हणून नट काढतानाच पुठ्ठ्यावर चार भोके पाडून ज्या जागेचा नट आणि वॉशर त्या जागी खोचून ठेवावा. पुठ्ठ्याला काही किंमत पडत नाही.

दुसऱ्या जातीच्या गाड्या

एका गाडीचा नियम दुसरीला लावू नये. राजदूत, येझदी, यामाहा आर.एक्स. १०० या टू-स्ट्रोक गाड्या अजूनही काही शौकिनांनी जपून ठेवल्या आहेत. त्यांच्या पोटाखालचा बोल्ट उघडला की निघते ते गिअरचे तेल. पिस्टनला लागणारे तेल पेट्रोलसोबत वेगळे जाते.

जुन्या लोखंडी सिलिंडरच्या बुलेटमध्ये इंजिनाचे तेल वेगळे, गिअरबॉक्सचे वेगळे आणि क्लचच्या चेनकेसचे वेगळे. तीन घरे, तिघांची बुचे वेगळी. एका घराचे तेल सोडून दुसऱ्या घरात भरण्याची चूक आम्ही प्रत्यक्ष पाहिली आहे. शिवाय जुन्या बुलेटवर इंची मापाचे आटे असतात, त्यात मिलिमीटरचा बोल्ट दोन फेऱ्या जातो आणि मग अडतो. तिथे जोर केला की आटे गेलेच.

बिनगिअरच्या स्कूटरमध्ये इंजिनाचे तेल आणि मागच्या चाकाजवळचे गिअरचे तेल अशी दोन ठिकाणे असतात. गिअरचे तेल सोडून वरून इंजिनात आणखी एक डबा ओतला तर इंजिनात दुप्पट तेल आणि गिअर कोरडे, असा दुहेरी घात होतो.

काही इंजिनांत बाहेरून बोल्ट दिसतो आणि आत गिअर अडवून धरणारी गोळी व स्प्रिंग असते. म्हणून नियम एकच : बोल्ट खोलण्याआधी तो कोणाचा, हे ठरवा. गाडीचे पुस्तक असेल तर पाहा. नसेल तर जाणत्याला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

वॉशरची जात ओळखा

वॉशरचे काम काय? बोल्ट आणि केस हे दोन्ही कठीण धातू. त्यांचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यात बारीक ओरखडे असतात आणि गरम तेल पातळ होऊन त्यातून वाट काढते. मऊ वॉशर दोघांमध्ये दाबला गेला की तो त्या ओरखड्यांत बसतो आणि वाट बंद होते. म्हणजे वॉशर दबण्यासाठीच असतो. एकदा पूर्ण दबला की दुसऱ्यांदा तेवढा दबत नाही.

ॲल्युमिनियमचा वॉशर पांढरट, वजनाला हलका. तो मुख्यतः ड्रेन बोल्टाखाली असतो. दर वेळी नवा घालावा.

तांब्याचा वॉशर लालसर. तेलाच्या नळीचे पोकळ बोल्ट, हेडचा वर सांगितलेला स्टड आणि डिस्क ब्रेकच्या नळीचा बोल्ट येथे तो असतो. पोकळ बोल्टाच्या नळीला दोन वॉशर लागतात, एक नळीच्या वर, एक खाली. ब्रेकच्या बाबतीत जुना वॉशर पुन्हा वापरण्याचा विचारही करू नये, तिथे प्रश्न तेलाचा नसून जिवाचा आहे.

पत्र्याची घडी घालून केलेला वॉशर आतून पोकळ असतो. स्पार्क प्लगवर असतो तो हाच. नवा प्लग हाताने पूर्ण बसला की पान्याने साधारण अर्धी फेरी द्यावी, तेवढ्यात घडी दबते. वापरलेला प्लग परत बसवताना फेरीचा आठवा ते चौथा भाग पुरे, कारण घडी आधीच दबलेली असते.

फायबरचा वॉशर तपकिरी किंवा लाल, पुठ्ठ्यासारखा. पेट्रोलच्या कॉकसारख्या थंड जागी तो चालतो. जुना झाला की वाळून कडक होतो आणि चिरतो.

लोखंडी कडीच्या आत रबर चिकटवलेला वॉशरही काही जागी असतो. त्यातील रबर फाटले की तो बाद.

ओ-रिंगबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. नळाच्या सामानाच्या दुकानात मिळणारी रिंग मापाने जुळली तरी इंजिनात घालू नये. पाण्यासाठी केलेली रबरी रिंग तेलाने फुगू शकते आणि खोबणीतून बाहेर येते. इंजिनाची रिंग तेल सोसणाऱ्या वेगळ्या रबराची असते.

काही बुचांना मुळात वॉशरच नसतो. त्यांचे आटे निमुळते असतात आणि आट्यांतच ते घट्ट बसतात. अशा बुचाखाली 'राहिला असेल' म्हणून वॉशर घातला तर ते पूर्ण बसत नाही आणि गळते.

तांबे आणि भंडाऱ्याची भट्टी

भंडारा हे पितळी भांड्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. स्टीलची भांडी आल्यापासून तो धंदा आटला, पण तांब्या-पितळेची जाण असलेले कारागीर आजही आपल्यात आहेत. त्यांना ठाऊक आहे की पत्रा ठोकत गेले की तो कडक होतो, मग भट्टीत लाल करून त्याला पुन्हा मऊ करावे लागते. तांब्याच्या वॉशरला हाच नियम लागू आहे. बोल्टाखाली दाबला गेलेला तांब्याचा वॉशर कडक होतो. नवा मिळत नसेल आणि जुन्यावर खोल खाच नसेल तर त्याला मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावे. लोखंड असे केल्यास कडक होते, तांबे मात्र मऊ राहते. नंतर काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू सपाट घासाव्यात.

ॲल्युमिनियमवर हा प्रयोग करू नये. ते ६६० अंशांना वितळते आणि वितळण्यापूर्वी तांब्यासारखे लाल दिसत नाही. डोळ्यांना कळायच्या आत वॉशरचा गोळा होतो.

पितळेचा पत्रा कापून घरी वॉशर करणारेही आम्ही पाहिले आहेत. पितळ तांब्यापेक्षा कडक. ते बोल्टाखाली हवे तसे दबत नाही, मग मिस्त्री आणखी आवळतो आणि केसचे आटे जातात. आपले पितळ भांड्यात शोभते, ड्रेन बोल्टाखाली नको.

बसवण्याची रीत

तेल बदलताना इंजिन दोन-चार मिनिटे चालवून कोमट करावे, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासकट निघते. फार गरम असताना खोलू नये, हात भाजतो. बोल्टाभोवतीची माती आधी पुसावी. रोवणीच्या दिवसांत बांधावरून आलेल्या गाडीला आणि तुमसरच्या मँगनीज खाणींकडून आलेल्या गाडीला खाली जाड थर असतो. बोल्ट निघताच तो थर आट्यांत जातो आणि आटे घासतो.

बोल्टाला रिंग पाना किंवा गोटी पाना लावावा. तोंडाचा पाना सटकतो आणि डोक्याचे कोपरे गोल होतात.

बोल्ट निघाल्यावर जुना वॉशर शोधा. तो बोल्टावर नसेल तर केसला चिकटलेला असतो. तो तसाच ठेवून खालून नवा घातला तर एकावर एक दोन वॉशर होतात आणि हमखास गळती होते. नवा वॉशर घालूनही गळते अशी तक्रार आली की प्रथम हेच तपासावे.

बोल्टाच्या टोकाला आणि तळाशी आलेल्या तेलाला बोट लावून पाहा. राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ असेल तर ती नेहमीची झीज. सोनेरी-तांबूस चमक असेल तर एखादा बुश झिजतो आहे. पोलादाचे तुकडे हाताला लागले तर गिअर किंवा बेअरिंगची तपासणी करावी आणि ग्राहकाला ते तुकडे दाखवून सांगावे.

केसचा आणि बोल्टाचा बसण्याचा भाग स्वच्छ कापडाने पुसावा. नवा वॉशर घालून बोल्ट बोटांनीच फिरवावा. तीन-चार पूर्ण फेऱ्या बोटांनी सहज गेल्या पाहिजेत. गेल्या नाहीत तर आटे वाकडे लागले आहेत किंवा बोल्ट त्या जागेचा नाही. १२ मिलिमीटर जाडीचे बोल्टही वेगवेगळ्या आट्यांचे मिळतात. दोन आट्यांमधील अंतर एकात १.२५, दुसऱ्यात १.५, तिसऱ्यात १.७५ मिलिमीटर. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण आटे मोजण्याची पट्टी लावली की लगेच कळतो. ही पट्टी स्वस्त असते आणि प्रत्येक गॅरेजात असावी.

ओ-रिंग बसवताना तिला इंजिनाचेच तेल बोटाने लावावे. कोरडी रिंग झाकण फिरवताना पिळवटते आणि कापली जाते.

गोंद, सिलिकॉन आणि टेफ्लॉनची पांढरी पट्टी यांना येथे जागा नाही. दाबून बाहेर आलेला गोंद वाळून तुटतो, तेलाबरोबर फिरतो आणि जाळीत अडकतो. जाळी बुजली की पंपाला तेल मिळत नाही. बाहेरची दोन थेंब गळती थांबवताना आतला तेलपुरवठाच बंद करण्याचा हा प्रकार आहे.

शेवटी नवे तेल भरून इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, थांबवून तेवढाच वेळ वाट पाहावी आणि गाडी मोठ्या स्टँडवर सरळ ठेवून पातळी पाहावी. स्प्लेंडरसारख्या गाडीत पट्टी आत टेकवून पाहायची असते, आटे फिरवून नव्हे. फिरवून पाहिल्यास पट्टी जास्त बुडते आणि तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

किती आवळावे?

आमच्या मते सर्वाधिक नुकसान याच ठिकाणी होते. बोल्ट पोलादाचा, केस ॲल्युमिनियमची. दोघांच्या कुस्तीत हार नेहमी केसची होते. 'गळू नये म्हणून जरा जास्त आवळला' असे सांगणारा मिस्त्री गळतीचे बी पेरत असतो.

शंभर सी.सी.च्या ड्रेन बोल्टाला साधारण २.५ किलो-मीटर इतका पीळ लागतो. टॉर्क पाना असेल तर उत्तमच. नसेल तर आपल्या व्यापाऱ्यांकडे असलेला स्प्रिंगचा ताणकाटा कामाला येतो. पाना बोल्टाला लावा. बोल्टाच्या मध्यापासून २० सेंटिमीटर अंतरावर पान्याला काट्याचा हूक अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. काट्यावर साडेबारा किलो दिसले की २.५ किलो-मीटर झाले. कारण १२.५ किलोला ०.२ मीटरने गुणले की तेवढेच येते. अंतर २५ सेंटिमीटर असेल तर १० किलो पुरतात. असे पाच-दहा वेळा केले की हाताला अंदाज येतो, मग काट्याची गरज राहत नाही. नव्या शागीर्दाला हा धडा पहिल्या आठवड्यातच द्यावा.

टॅपेट कॅपला यापेक्षा बराच कमी जोर लागतो, कारण ओ-रिंग दाबण्यापुरतेच काम असते. मॅग्नेट कव्हरची खाच असलेली झाकणे तर नाण्याने बसतील इतकीच. ती पान्याने ठोकून बसवली की पुढच्या वेळी खाच तुटते आणि झाकण छिन्नीने काढावे लागते.

आटे गेले तर?

धागा, पत्र्याची पट्टी, गोंद हे इलाज नव्हेत. बांगडीवाल्या गृहस्थांची हकिगत आम्ही वर दिलीच आहे. खरे मार्ग दोन. एक म्हणजे भोक मोठे करून, नवे आटे पाडून त्यात पोलादी तारेची गुंडाळी बसवणे, तिला हेलिकॉइल म्हणतात. दुसरा म्हणजे चांगल्या लेथवाल्याकडून बाहेरून-आतून आटे असलेला बुश करून बसवणे. दोन्हींत मूळ मापाचा बोल्ट कायम राहतो. स्वतः आटे पाडत जाणारा जाड बोल्ट बाजारात मिळतो, तो अडचणीच्या वेळी गाव गाठण्यापुरता. तो किंचित तिरका गेला तरी वॉशर एका बाजूलाच दबतो.

काम करताना भोकात पडलेला किस आत राहू देऊ नये. टॅपला ग्रीस लावावे म्हणजे किस त्याला चिकटतो, आणि शेवटी थोडे स्वस्त तेल वरून ओतून खालून वाहू द्यावे.

पुरात बुडालेली गाडी

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला आणि भंडारा शहरासह नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. अशा वेळी बुडालेली गाडी घरी आणून लोक प्रथम किक मारतात. असे करू नये. आत पाणी असल्यास दांडी वाकू शकते. आधी स्पार्क प्लग काढावा, मग ड्रेन बोल्ट. निघालेले तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी आत गेले आहे असे समजावे. तेल पूर्ण निथळू द्यावे, सिलिंडरातील पाणी काढावे, साधे तेल भरून थोडा वेळ इंजिन चालवावे, पुन्हा सोडावे. तेल स्वच्छ निघेपर्यंत हे दोन-तीनदा करावे लागते. यात बोल्ट वारंवार उघडतो, म्हणून मधल्या खेपांना जुना वॉशर चालेल, शेवटच्या खेपेला मात्र नवाच. झाकणांच्या सर्व ओ-रिंगही पाहाव्यात. पाणी आत जायला बऱ्याचदा त्याच वाट देतात.

गळती नेमकी कोठून?

खाली थेंब दिसला की ड्रेन बोल्टावर संशय जातो. पण तेल वरून ओघळत येऊन सर्वांत खालच्या बोल्टावरच गोळा होते. इंजिन डिझेलने धुऊन कोरडे करावे, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि गाडी एक-दोन किलोमीटर चालवावी. पावडर जेथे प्रथम ओली होते तेथे गळती. टॅपेट कॅपची रिंग गळत असताना ड्रेन बोल्ट आवळत राहणे म्हणजे छप्पर गळते म्हणून जमीन पुसणे.

दुकानाचा हिशेब

आता धंद्याची गोष्ट. प्रत्येक गॅरेजवाल्याने कप्प्यांचा एक डबा ठेवावा. त्यात आपल्या भागात चालणाऱ्या गाड्यांचे ड्रेन वॉशर, टॅपेट कॅपच्या रिंगा, मॅग्नेट कव्हरच्या दोन्ही मापांच्या रिंगा आणि तांब्याचे वॉशर ठेवावेत. प्रत्येक कप्प्यावर गाडीचे नाव आणि जागा लिहावी. नागपूरहून माल आणताना शेकड्याने घेतला तर भाव अगदीच किरकोळ पडतो. सुट्या भागांच्या दुकानदारांनीही तेलाचा डबा देताना ग्राहकाला 'वॉशर हवा का' एवढे विचारावे. विक्री लहान, पण ग्राहक ती लक्षात ठेवतो.

बिलात वॉशरची वेगळी ओळ लिहावी आणि जुना वॉशर ग्राहकाच्या हातात द्यावा. गाडी म्हणजे ग्राहकाने विश्वासाने सोपवलेली अमानत असते, तिच्यात काय घातले आणि काय काढले हे जाणण्याचा त्याला हक्क आहे. उलट, काम संपल्यावर ट्रेमध्ये एखादा वॉशर किंवा बोल्ट उरला तर 'उरतातच एकदोन' असे म्हणून तो झाडूने लोटू नये. इंजिन बनवणाऱ्याने कोणतीही वस्तू जास्तीची घातलेली नसते. उरलेली वस्तू म्हणजे राहिलेले काम. तिची जागा सापडेपर्यंत गाडी देऊ नये, मग ग्राहक कितीही घाई करो.

ज्या मिस्त्रीची हकिगत आम्ही सुरुवातीला सांगितली त्याच्या टेबलावर आज असाच कप्प्यांचा डबा आहे, आणि भिंतीवर एक ताणकाटा टांगलेला आहे. बांगड्यांची पेटी घेऊन फिरणारे ते गृहस्थ अजूनही त्याच्याकडेच गाडी आणतात. नुकसान त्याने नाकारले नाही आणि तीच चूक पुन्हा केली नाही, म्हणून ग्राहक टिकला. आमच्या कारागीर बंधूंनी ही चूक स्वतः करून शिकण्याची वाट पाहू नये. बूच ओळखा, वॉशर नवा घाला, बोल्ट बोटांनी लावा आणि हिशेबाने आवळा.